बाबा आतल्या खोलीत आहेत

आमचे भावजी कोणाच्याही घरात शिरले की आधी टेकायला जागा शोधतात. लोकांना वाटतं माणूस आळशी आहे. तसं नाही, दिवसभर शिड्या चढून उतरून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागलेत, आणि गुडघ्यांची तक्रार घ्यायला कुठली कचेरी नाही. इंटरनेटची तक्रार घ्यायला मात्र आहे, आणि तिथे मी बसते. भावजी त्याच कंपनीत घरोघरी जाऊन जोडणी-दुरुस्ती करतात. म्हणजे लोक माझ्यावर ओरडतात आणि मी भावजींना त्यांच्या घरी पाठवते. मेव्हणीने भावजींना छळायचंच असतं, पण त्याचा पगार घेणारी मी एकटीच असेन.

या माणसाला मी कधी ताजंतवानं पाहिलेलं नाही. ताईच्या लग्नाच्या फोटोतही ते जांभई दाबून उभे आहेत. ताई म्हणते की तेव्हा ते आदल्या दिवशीचं काम संपवून आले होते. मी म्हणते, अजूनही तेच काम संपवतायत.

त्यांच्या खांद्याला एक पिशवी असते. तिच्यात वायरचं भेंडोळं, वायरच्या टोकाला जॅक बसवायची पक्कड, चिकटपट्टी आणि गुडघ्याला लावायचं मलम. घरी पोचल्यावर निम्म्या वेळा निघतं काय, तर राउटरचा प्लगच कोणीतरी काढून ठेवलेला असतो. तरी आधी दहा गोष्टी ऐकून घ्याव्या लागतात. एखाद्याच्या घरी महिन्यातून एकदा नेट बंद पडतं, त्याच्यासाठी ते संकट असतं. भावजींसाठी ते सकाळ-दुपार-संध्याकाळ असतं. रोज मरे त्याला कोण रडे.

पण वायर आणि प्लग यांनी माणूस एवढा दमत नाही. भावजींना दमवतो तो लोकांचा संशय. काम झालं, पाणी पिऊन झालं, की घरातलं कोणीतरी हळूच दार लोटून घेतं आणि विचारतं, "आमच्या वायफायवर कोण कोण येतं ते दिसतं का हो?" नवरा बायकोबद्दल विचारतो, सासू सुनेबद्दल विचारते, आणि आई-बाप मुलांबद्दल तर उघड उघड विचारतात, त्यासाठी दारही लोटत नाहीत.

आणि दिसतं हे खरंच आहे. प्रत्येक राउटर स्वतःला चिकटलेल्या यंत्रांची हजेरी ठेवतो. फोनचं नाव, त्या यंत्राची ओळख म्हणून असलेला एक लांबलचक क्रमांक, ते कधी जोडलं गेलं, कधी सुटलं, किती डेटा ओढला, सिग्नल दणकट आहे की मरतुकडा. हे सगळं कंपनीच्या अ‍ॅपमध्ये घरबसल्या बघता येतं, आणि कामावर बसूनही बघता येतं. पण तो फोन कोणाच्या हातात आहे, फोन धरणारा हसतोय की रडतोय, हे राउटरच्या गावीही नसतं.

एकदा एका भांड्यांच्या दुकानदाराने मला चार वेळा फोन करून भावजींना बोलावून घेतलं. नेट व्यवस्थित चालू होतं. भावजी बसले तसे दुकानदाराने आपला फोन त्यांच्या नाकासमोर धरला. रोज दुपारी एक बिननावाचा फोन त्याच्या घरात शिरतो, तासाभराने निघून जातो, असं त्याला संध्याकाळी दुकानात बसून ती हजेरी चाळताना दिसत होतं. आठवडाभर त्याने घरात तोंडातून ब्र काढला नव्हता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आपण कशात सापडलो आहोत हे तिला कळत नव्हतं.

भावजींनी त्यांच्या त्या कंटाळलेल्या आवाजात विचारलं, "दुपारी घरी कोण असतं?"

"कोण असणार?" बायको म्हणाली. "हे जेवायला येतात ना. जेवतात, थोडं लवंडतात, जातात."

भावजींनी दुकानदाराचा फोन हातात घेतला. हल्लीचे फोन आपली ओळख लपवायला खोटा क्रमांक घेऊन फिरतात, आणि मध्येच तो बदलतातही. नवा क्रमांक आला की राउटरला वाटतं नवीन पाहुणा आला. दुकानदार आठवडाभर स्वतःवरच पाळत ठेवून होता. बायको आत गेली, आणि मग आतून भांड्यांचे जे आवाज आले, ते भांड्यांच्या दुकानातही येत नसतील.

"साहेब, ही हजेरी यंत्रांची असते, माणसांची नाही," भावजी म्हणाले. हे वाक्य ते घराघरांत सांगतात. मला तर ते पाठ आहे.

आता बाबांबद्दल. बाबा म्हणजे भावजींचे वडील. ताई त्यांना बाबा म्हणते म्हणून मीही म्हणते. जन्मभर त्यांनी शिंपीकाम केलं. पँटची शिलाई अशी की कापड फाटेल पण शिवण उसवणार नाही. ताईच्या सासूबाई गेल्यावर ते आतल्या खोलीत, आपल्या शिलाई मशीनशेजारी पलंग टाकून राहायला लागले. ताई बेकरीत काउंटरवर असते, भावजी लोकांच्या गच्च्यांवर, आणि त्यांचा मुलगा शिकायला बाहेरगावी. म्हणजे सकाळी सगळे निघाले की संध्याकाळपर्यंत बाबा एकटे.

एका सकाळी बाबांना जिन्यात घेरी आली. शेजाऱ्यांनी धरलं म्हणून निभावलं. भावजींची मोठी बहीण, आक्का, दुसऱ्या गावाहून दुसऱ्याच दिवशी हजर झाली. आक्का वाईट नाही. पण तिचं बोलणं म्हणजे टाचणी, लागते तिथेच लागते.

"त्यांना माझ्याकडे पाठव," ती म्हणाली. "माझ्या घरी दिवसभर माणसं असतात. इथे उद्या काही झालं तर कळेल तरी का तुला?"

बाबा पलंगावर बसून ऐकत होते. सगळे पांगल्यावर त्यांनी भावजींना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मला इथून हलवू नकोस." बाबांनी पोराकडे कधी काही मागितलेलं ताईच्या आठवणीत नाही. भावजींनी आक्काला शब्द दिला, "मी लक्ष ठेवीन. काही झालं, तर तू म्हणशील तसं." आक्का म्हणाली, "बघू," आणि गेली. त्या दिवसापासून बाबांचं त्या खोलीत राहणं भावजींच्या लक्ष ठेवण्यावर टांगलेलं होतं, आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

सुरुवातीला भावजी फोन करायचे. एका हाताने शिडी धरलेली, खाली घरमालक घड्याळ बघतोय, आणि पलीकडे बाबा, ज्यांना कमी ऐकू येतं.

"काय रे?"

"काही नाही, सहज."

"सहज कशाला करतोस? काम नाही का तुला?"

"जेवलात का?"

"काय?"

अशी जुगलबंदी दिवसातून तीन-चार वेळा. बाबा वैतागायचे, भावजी दमायचे, आणि घरमालक मला फोन करून सांगायचे की तुमचा माणूस शिडीवर उभा राहून गप्पा मारतो.

मग भावजींना युक्ती सुचली. त्यांच्या घरचा राउटर पुढच्या खोलीत आहे. तो दोन लहरींवर चालतो. एक वेगवान, पण भिंत आडवी आली की मान टाकणारी, आणि दुसरी सावकाश, पण लांब पोचणारी. बाबांचा फोन पुढच्या खोलीत असला की वेगवान लहर पकडायचा, आत गेला की सावकाश. भावजींनी त्या फोनचं क्रमांक बदलणं बंद केलं, त्याला अ‍ॅपमध्ये 'बाबा' असं नाव दिलं, आणि फोन सतत अंगावर ठेवायला सांगितलं. बाबांनी आपल्या सगळ्या बनियनना छातीवर खिसे शिवून घेतले. मशीनवर बसायला निमित्त मिळालं म्हणून खूश होते.

आता भावजी गच्चीवरून नुसतं अ‍ॅप उघडायचे. 'बाबा', शेजारी हिरवा ठिपका, आणि कुठली लहर ते. बाबा पुढच्या खोलीत आहेत. बाबा आतल्या खोलीत आहेत. फोन करायची गरज उरली नाही. आम्ही कचेरीच्या मागच्या पायरीवर डबा खायला बसायचो तेव्हा मी विचारायची, "काय, बाबा काय म्हणतायत?" ते अंगठ्याने अ‍ॅप वर सरकवून म्हणायचे, "आतल्या खोलीत आहेत." आक्का फोन करून विचारायची, बाबा कसे आहेत. तिलाही तेच उत्तर, आतल्या खोलीत आहेत. माणूस कसा आहे विचारलं तर कुठे आहे हे सांगायचं, यात काही चुकतंय असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर भावजी बाबांची गंमत करायचे. "आज दुपारी पुढच्या खोलीत बराच वेळ बसलात, काय?"

बाबा चकित. "तुला कसं कळलं?"

"दिसतं मला."

जन्मभर मख्ख चेहऱ्याने लोकांच्या वायरी जोडणारा माणूस. घरी येऊन बापाला थक्क करण्यात त्याला काय सुख मिळत असेल ते मला समजतं. दिवसभरात तेवढीच एक मजा होती त्यांना. पण बाबांनी ते शब्दशः घेतलं. एका सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे गेले होते, तर बाबा आतून पुढे यायच्या आधी अंगात शर्ट घालत होते. मी म्हटलं, "बाबा, मी घरचीच की. शर्ट कशाला?"

"तुझ्यासाठी नाही गं, रोजची सवय," त्यांनी राउटरकडे बोट दाखवलं. "यातून पोराला दिसतं सगळं. चार लोकांत उभा असतो तो, शेजारचाही कोणी बघत असेल. उघडाबंब बाप कशाला दाखवायचा?"

आम्ही पोट धरून हसलो. ताई म्हणाली, "अहो, सांगा ना त्यांना नीट." भावजी म्हणाले, "असू दे. त्या निमित्ताने नीटनेटके राहतात. आणि आपल्याकडे कोणी बघतंय म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं." खरंच वाटत होतं. बाबांची भूक सुधारली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण तेव्हा मीही हसतच होते.

तो दिवस इतर दिवसांसारखाच खराब होता. रस्ता खोदणाऱ्यांनी कुठेतरी जाडजूड वायर तोडली आणि अर्ध्या वस्तीचं नेट गेलं. माझा फोन सकाळपासून खाली ठेवायला मिळाला नव्हता. भावजी एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात. नशीब म्हणा किंवा काय म्हणा, त्यांच्या घराच्या बाजूची वायर शाबूत होती. मध्येच त्यांचा फोन आला, कुठल्या गल्लीत आधी जाऊ विचारायला, आणि ठेवता ठेवता स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बाबा आज सकाळपासून आतल्या खोलीतच आहेत. झोपलेत वाटतं. बरं झालं, जरा आराम मिळतोय."

त्यांच्या आवाजात हेवा होता. कोणीतरी झोपलंय याचा.

संध्याकाळी ताई बेकरीतून घरी आली, चपला काढल्या, हाक मारली. उत्तर नाही. आत गेली तर पलंग आणि मशीन यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बाबा जमिनीवर पडलेले. सकाळी ही दोघं निघाल्यावर थोड्याच वेळात पाय घसरला होता. पडताना खिशातला फोन सटकून मशीनखाली गेला होता, हात पोचणार नाही इतका आत. बाबा शुद्धीवर होते. ओठ सुकून पांढरे झाले होते. ताईला बघून म्हणाले, "आलीस? तो गाडी लावतोय का?"

ताईने रुग्णवाहिका बोलावली आणि मग भावजींना फोन लावला, तो सारखा एंगेज. म्हणून मला केला. मी त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या माणसाच्या फोनवर त्यांना गाठलं आणि सांगितलं, बाबा पडलेत.

"नाही गं," ते म्हणाले. "आत्ताच बघितलं मी. ते आतल्या खोलीत आहेत."

मला काय झालं कोण जाणे, दिवसभराचा राग होता, भीती होती. मी म्हटलं, "हो, आतल्या खोलीतच आहेत. जमिनीवर आहेत."

पलीकडून गाडीला किक मारल्याचा आवाज आला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर म्हणाले जीवाला धोका नाही, पण आता पुष्कळ दिवस उठबस दुसऱ्याच्या हातानेच. आक्का आली. भावजी दवाखान्याच्या बाकावर चिखलाने भरलेल्या पँटनिशीच बसले होते. मला वाटलं आता ही त्यांना सोलून काढणार. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "एक फोन करायचास रे. उचलला नसता तर कळलं असतं." मग थोड्या वेळाने, "उंटावरून शेळ्या हाकल्यास." भावजींनी मान हलवली. बाबांना इथून सोडल्यावर थेट आक्काकडे न्यायचं हेही तिथेच ठरलं. शब्द त्यांनीच दिला होता, मोडायला तोंड नव्हतं. ताई मात्र भिंतीकडे तोंड करून रडली.

दुसऱ्या दिवशी बाबा बोलण्याइतके सावध झाले. मी डबा घेऊन गेले होते. आक्का उशाशी होती, ताई पायाशी, आणि भावजी दाराजवळ उभे, आत यावं की न यावं अशा बेताने. बाबांना आक्काचा चेहरा वाचता येतो. त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस हं. त्याला दिसत होतं मी पडलोय ते. पण कामातून निघता येत नाही त्याला. लोक सोडत नाहीत."

शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको भावजींकडे बघायला लागली. बाप पडलेला दिसत असून दिवसभर न आलेला मुलगा कसा दिसतो, ते ती बघत होती.

मला भावजींची इतकी कीव आली की डबा हातातच राहिला. न बघण्याची शिक्षा तर त्यांना मिळालीच होती; आता बघून न येण्याची मिळत होती. आणि वाईट हे की बाबांनी त्यांना तेही माफ करून टाकलं होतं. ताईने त्यांना डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या, बोलू नका. तिचंही बरोबर होतं. दिवसभर जमिनीवर पडलेल्या माणसाने ज्याच्या भरवशावर जीव धरला, ते मागाहून काढून घेऊन काय मिळवायचं?

भावजी आत आले. खाटेच्या कडेला बसले.

"बाबा, मला दिसत नव्हतं."

"अरे, असू दे. काम असतं."

"नाही, ऐका. मला कधीच दिसत नव्हतं." आणि मग त्यांनी सांगितलं. लोकांच्या घरी रोज सांगतात तसंच, त्याच कंटाळलेल्या आवाजात सुरुवात केली, पण तो आवाज पुढे टिकला नाही. राउटर काय टिपतो, काय टिपत नाही. हिरवा ठिपका म्हणजे काय, सावकाश लहर म्हणजे काय. मी गंमत करत होतो, बाबा. मला फक्त फोन चालू आहे एवढं कळायचं.

बाबा कापड मापून घेतल्यासारखं सगळं नीट ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुला फोन दिसत होता."

"हो."

"मी नाही."

"नाही."

बाबांनी छताकडे बघितलं. त्यांना राग आलेला नव्हता, ते खरोखरच कशाचा तरी हिशेब लावत होते आणि तो लागत नव्हता.

"मग मी दिवसभर बोलत कोणाशी होतो?"

भावजी मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. आक्काने पदर तोंडाला लावला. ताईने विचारलं, "काय बोलत होतात, बाबा?"

"काही विशेष नाही," बाबा म्हणाले. "सावकाश ये, म्हणत होतो. मला काही एवढं लागलेलं नाही. घाईत गाडी चालवू नकोस."